पाठमोऱ्या खुर्च्या आणि एक आवाज : स्पेनच्या ‘ला बोथ’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश शिकू लागलेले मित्र आणि गाण्याच्या स्पर्धा आवडीने पाहणारे नातेवाईक मला या कार्यक्रमाबद्दल वरचेवर विचारतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरे येथे एकत्र मांडली आहेत. मी हा कार्यक्रम अनेक वर्षे मनापासून पाहत आलो आहे. त्यामुळे माहितीबरोबर माझी मतेही आली आहेत.

हा कार्यक्रम नेमका काय आहे आणि त्याचे नाव कसे उच्चारायचे?

‘ला बोथ’ म्हणजे ‘आवाज’. ही स्पेनमधील दूरचित्रवाणीवरची गायनस्पर्धा आहे. नामवंत गायक-गायिका तिच्यात प्रशिक्षक म्हणून बसतात, स्पर्धकाचे पहिले गाणे त्याच्याकडे पाठ करून ऐकतात आणि आवाज मनात भरला तरच खुर्ची त्याच्याकडे वळवतात.

उच्चाराबद्दल थोडे सांगायला हवे. नाव रोमन लिपीत ‘व्ही’ या अक्षराने सुरू होत असले, तरी स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ‘ब’ होतो. शेवटच्या ‘झेड’चा उच्चार स्पेनच्या बहुतेक भागांत जिभेचे टोक दातांमध्ये हलकेच धरून ‘थ’च्या जवळ जाणारा होतो, तर लॅटिन अमेरिकेत आणि दक्षिण स्पेनमधील अंदालुसियाच्या बऱ्याच भागांत त्याचा सरळ ‘स’ होतो. त्यामुळे माद्रिदमध्ये ‘ला बोथ’ म्हणतात आणि मेक्सिको सिटीत ‘ला बोस’. दोन्ही बरोबरच आहेत. मराठीत आवाज पुल्लिंगी, स्पॅनिशमध्ये मात्र तो स्त्रीलिंगी असतो, एवढे ध्यानात ठेवले की निवेदकाची निम्मी वाक्ये कळू लागतात.

याची सुरुवात कोठे आणि कशी झाली?

मूळ कल्पना नेदरलँड्सची. निर्माता जॉन दे मोल याच्या संस्थेने तयार केलेला कार्यक्रम तेथे सप्टेंबर २०१० मध्ये प्रथम दाखवला गेला आणि पाहता पाहता अनेक देशांनी तो उचलला. स्पेनमध्ये १९ सप्टेंबर २०१२ रोजी ‘तेलेसिंको’ या वाहिनीवर पहिला भाग प्रसारित झाला. सूत्रसंचालक हेसूस बास्केस होता आणि चार खुर्च्यांवर डाविड बिस्बाल, रोसारियो, मालू आणि मेलेंदी होते. तेलेसिंकोवर २०१७पर्यंत पाच पर्वे झाली. पुढे हक्क ‘आन्तेना ३’ या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे गेले आणि जानेवारी २०१९पासून एवा गोन्सालेसच्या सूत्रसंचालनाखाली कार्यक्रम नव्या घरी नांदू लागला. वाहिनी बदलली की कार्यक्रमाचा सूर बदलतो, असा अनुभव आपल्याकडेही आहे. येथे मात्र गाभा शाबूत राहिला, कारण तो गाभा म्हणजे ती पाठमोरी खुर्चीच आहे.

मेक्सिकोतला कार्यक्रम आणि हा एकच का?

नाही. घराणे एक, बिऱ्हाडे वेगळी. स्पॅनिश भाषेतील पहिले बिऱ्हाड मेक्सिकोत थाटले गेले. तेथे ‘ला बोस... मेक्सिको’ सप्टेंबर २०११ मध्ये, म्हणजे स्पेनच्या एक वर्ष आधी सुरू झाला. आर्जेंटिना आणि कोलंबिया यांनी २०१२ मध्ये, पेरूने २०१३ मध्ये आणि चिलीने २०१५ मध्ये आपापली आवृत्ती काढली. अमेरिकेतील स्पॅनिशभाषक प्रेक्षकांसाठी ‘तेलेमुंदो’ वाहिनीने आधी मुलांची स्पर्धा चालवली आणि २०१९ मध्ये मोठ्यांची.

भाषा एक असल्यामुळे प्रशिक्षक समुद्र ओलांडून ये-जा करतात, ही या कुटुंबाची खास गोष्ट आहे. माद्रिदचा आलेहान्द्रो सान्स आधी मेक्सिकोच्या पहिल्या पर्वात बसला आणि २०१५ मध्ये स्वतःच्या देशात आला. इटलीची लाउरा पाउसिनी २०१४ मध्ये मेक्सिकोत होती आणि पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये. पोर्तो रिकोचा लुईस फॉन्सी, ज्याचे ‘देस्पासितो’ २०१७ मध्ये आपल्याकडच्या वरातींतही वाजले, तो चिली, स्पेन आणि अमेरिका अशा तीन ठिकाणी खुर्चीवर बसला आहे. मराठी गायकाला परीक्षक म्हणून जायला इतके देश नाहीत. स्पॅनिशचा विस्तार केवढा आहे हे या एका गोष्टीवरून कळते.

मेक्सिकोच्या दुसऱ्या पर्वाशी एक दुःखद घटनाही जोडलेली आहे. त्या पर्वाची प्रशिक्षक असलेली लोकप्रिय गायिका जेनी रिवेरा हिचा ९ डिसेंबर २०१२ रोजी, अंतिम फेरीच्या तोंडावर, विमान अपघातात मृत्यू झाला.

पाठमोरी फेरी कशी असते?

स्पॅनिशमध्ये हिला ‘आउदिसियोनेस आ सिएगास’, शब्दशः ‘आंधळ्या चाचण्या’ म्हणतात. मराठीत मला ‘पाठमोरी फेरी’ हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण प्रशिक्षकांचे डोळे उघडेच असतात, फक्त तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ रंगमंचाकडे असते.

स्पर्धक मंचावर येतो तेव्हा त्याला चार उंच लाल खुर्च्यांच्या पाठी दिसतात. वाद्यवृंद त्याच्यासाठी प्रत्यक्ष वाजवतो. गाणे पुरे नसते, दीड-दोन मिनिटांत बसवलेला त्याचा संक्षेप असतो. बाजूच्या खोलीत सूत्रसंचालकासोबत स्पर्धकाचे आईवडील, भावंडे, एखादी आजी पडद्याला डोळे लावून उभी असतात. प्रशिक्षकासमोर एक मोठे बटण असते. ते दाबले की खुर्ची वळते. एकच खुर्ची वळली तर स्पर्धक आपोआप त्या प्रशिक्षकाच्या चमूत जातो. एकाहून अधिक वळल्या की बाजी पालटते आणि निवड स्पर्धकाने करायची असते. मग लाखोंनी चाहते असलेले गायक एका अनोळखी मुलीला ‘माझ्याकडे ये’ म्हणून विनवू लागतात. कोणीच वळले नाही, तर गाणे संपल्यावर खुर्च्या वळतात आणि प्रशिक्षक नकाराचे कारण सांगतात.

या फेरीत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रशिक्षकाचा हात. गाणे सुरू झाले की तो मांडीवर असतो, पहिल्या ओळीनंतर बटणाच्या कडेवर येतो आणि मग तेथेच अधांतरी थांबतो. डोळे मिटलेले, मान किंचित खाली, ओठांवर गाण्याचेच शब्द. एखादी जागा बेसूर लागली की तोच हात अर्धा इंच मागे सरकतो. त्या अर्ध्या इंचात स्पर्धकाचे भवितव्य असते आणि ते त्याला दिसत नसते, कारण त्याच्यासमोर खुर्चीची पाठ असते. या कार्यक्रमात खरे काय आहे असे कोणी विचारले, तर मी या हाताकडे बोट दाखवीन.

पुढील पर्वांत ‘ब्लोकेओ’ नावाची एक युक्ती आली. एखादा प्रशिक्षक मर्यादित वेळा दुसऱ्याची वाट अडवू शकतो. मग त्या दुसऱ्याने खुर्ची वळवली तरी स्पर्धकाला त्याची निवड करता येत नाही. चढाओढ रंगते हे खरे, पण मला ही युक्ती रुचत नाही. त्या स्पर्धकाला ज्या गुरूकडे जायचे होते, त्याचे दार त्याच्या काहीही चुकीशिवाय बंद होते.

पुढच्या फेऱ्यांत काय होते?

‘बातायास’ म्हणजे द्वंद्व. एकाच चमूतील स्पर्धक मुष्टियुद्धाच्या आखाड्यासारख्या मंचावर एकच गाणे मिळून गातात आणि त्यांचाच प्रशिक्षक कोणाला ठेवायचे ते ठरवतो. हरलेल्या स्पर्धकाला दुसरा प्रशिक्षक आपल्याकडे घेऊ शकतो, त्याला ‘रोबो’ म्हणजे चोरी म्हणतात. त्यानंतर एकट्याने गाण्याची फेरी आणि शेवटी प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारे भाग. फेऱ्यांची रचना पर्वागणिक बदलते, म्हणून तिच्यात फार खोल शिरत नाही.

मते कोण देते आणि बक्षीस काय मिळते?

आरंभीच्या फेऱ्यांत प्रशिक्षकांचा शब्द शेवटचा असतो, अंतिम टप्प्यात प्रेक्षकांचा. विजेत्याला युनिव्हर्सल या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार मिळतो.

यांना परीक्षक न म्हणता प्रशिक्षक का म्हणतात?

स्पेनमध्ये त्यांना इंग्रजीतूनच आलेल्या ‘कोच’ या शब्दाने हाक मारतात आणि हा फरक केवळ नावापुरता नाही. परीक्षक गुण देतो आणि घरी जातो. येथे प्रशिक्षकाने एकदा खुर्ची वळवली की त्या स्पर्धकाच्या यशापयशाशी तो बांधला जातो. गाण्याची निवड, पट्टी, कोणत्या जागी श्वास घ्यायचा, कोणती हरकत गाळायची हे त्याला सांगावे लागते. आपल्याकडच्या गुरुशिष्य परंपरेची त्याच्याशी तुलना करणे योग्य होणार नाही, कारण काही आठवड्यांच्या चित्रीकरणात तालीम ती किती होणार. तरीही जबाबदारी वाटून घेण्याची ही पद्धत मला नुसत्या शेरेबाजीपेक्षा कितीतरी सुसंस्कृत वाटते. स्पर्धकाला टोचून बोलून हशा मिळवणारा परीक्षक येथे जवळजवळ दिसत नाही. नकार देतानाही कारण सांगावे लागते.

प्रशिक्षकांपैकी कोणाला ओळखून ठेवावे?

सर्वप्रथम मालू. तेलेसिंकोवरची पाचही पर्वे तिने केली आणि आन्तेना ३ वरही ती परतली. ती फ्लामेंको, म्हणजे अंदालुसियाच्या पारंपरिक संगीताचा, गायक पेपे दे लुसिया याची मुलगी आणि जगद्विख्यात गिटारवादक पाको दे लुसियाची पुतणी. रोसारियो ही लोला फ्लोरेस या दिग्गज कलावतीची कन्या. म्हणजे पहिल्या पर्वातल्या चारांपैकी दोन खुर्च्यांवर अंदालुसियाच्या गाण्याची घराणी बसली होती.

दुसरी बाजू याहून बोलकी आहे. २००१ मध्ये स्पेनच्या सरकारी वाहिनीवर ‘ओपेरासियोन त्रिउन्फो’ ही दुसरी गायनस्पर्धा सुरू झाली. तिच्या पहिल्या पर्वात आल्मेरियाचा डाविड बिस्बाल दुसरा आला. पुढच्या पर्वात इस्ला क्रिस्तिना या मासेमारीच्या गावचा मान्वेल कारास्को दुसरा आला. २००८ मध्ये फुएन्खिरोलाचा पाब्लो लोपेस दुसरा आला. हे तिघेही पुढे ‘ला बोथ’चे प्रशिक्षक झाले. तिघांनाही अंतिम फेरीत दुसऱ्याचे नाव पुकारले जाताना मंचावर उभे राहावे लागले होते. म्हणून हरलेल्या स्पर्धकाशी ते बोलतात तेव्हा त्या बोलण्याला वजन असते. ती उपचाराची समजूत राहत नाही.

आन्तोनियो ओरोस्को हा बार्सिलोनालगतच्या ओस्पितालेतचा, भावुक स्वभावाचा. कोलंबियाचा हुआनेस, मेक्सिकोची पाउलिना रुबियो, मालागाचा पाब्लो आल्बोरान हेही येऊन गेले. २०२५ मध्ये मालू आणि पाब्लो लोपेस यांच्याबरोबर सेबास्तियान यात्रा आणि मिका हे नवे प्रशिक्षक आले.

मिका म्हणजे आपला मिका सिंग का?

नव्हे. हा मिका बैरुतमध्ये जन्मलेला, पॅरिस आणि लंडनमध्ये वाढलेला पॉप गायक आहे. गोंधळ होणे मात्र स्वाभाविक आहे, कारण २०१५ मध्ये ‘अँड टीव्ही’वर याच कार्यक्रमाची हिंदी आवृत्ती सुरू झाली तेव्हा सुनिधी चौहान, शान आणि हिमेश रेशमिया यांच्यासोबत मिका सिंग खरोखरच लाल खुर्चीवर बसला होता. त्या पर्वाचा विजेता पवनदीप राजन, जो पुढे ‘इंडियन आयडॉल’ही जिंकला.

स्पर्धक कोणत्या प्रकारची गाणी गातात? फ्लामेंको असते का?

असते, आणि तेच ऐकायला मी बसतो. स्पॅनिश पॉप आणि इंग्रजी गाणी तर सर्रास असतात. अधूनमधून इटालियन किंवा कातालान गाणेही येते. परंतु एखादा अंदालुसियन मुलगा गिटारच्या दोन आघातांनंतर नुसता ‘आय...’ असा आकार लावतो आणि तो स्वर चार-पाच वळणे घेत खाली उतरतो, तेव्हा चारही खुर्च्यांवरची हालचाल थांबते. या आर्त हुंकाराला ‘केहीओ’ म्हणतात. आपल्या कानाला तो परका वाटत नाही, कारण एका अक्षरावर स्वरांची नक्षी काढत जाण्याची सवय आपल्याला मींड-मुरक्यांमुळे आहेच. फ्लामेंको घडवण्यात मोठा वाटा असलेल्या हितानो, म्हणजे स्पेनमधील रोमा समाजाचे पूर्वज वायव्य भारतातून गेले, हे भाषाशास्त्राने दाखवले आहे. अर्थात फ्लामेंकोत अंदालुसियाच्या मातीतले इतर अनेक प्रवाह मिसळलेले आहेत. सारे श्रेय भारताला देऊन मोकळे होणे बरे नव्हे.

फ्लामेंकोइतकेच महत्त्वाचे ‘कोप्ला’. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहरलेला हा गीतप्रकार तीन-चार मिनिटांत एक पूर्ण कथा सांगतो. परित्यक्ता, बंदरावर वाट पाहणारी, कलंकित ठरवलेली अशी एखादी स्त्री त्यात बहुधा असते. नुसता गोड गळा कोप्लाला पुरत नाही, शब्द अंगातून यावा लागतो. ज्यांनी लावणीतली अदा नुसत्या ध्वनिमुद्रिकेवर, न पाहता ओळखली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पाठमोऱ्या खुर्चीला हाच प्रकार सर्वांत कठीण परीक्षेला बसवतो, कारण हातवारे, पदर, डोळे यांपैकी काहीच प्रशिक्षकापर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो फक्त शब्दावरचा भार.

प्रशिक्षक सतत तेच ते शब्द वापरतात, त्यांचा अर्थ काय?

‘पेयिस्को’ हा त्यांतला सर्वांत सुंदर शब्द. शब्दशः अर्थ चिमटा. आवाजात पेयिस्को आहे म्हणजे तो ऐकताना आत कोठेतरी चिमटा बसतो. मराठीत आपण ‘काळजाला हात घालणारा’ म्हणू. सूर, ताल, पल्ला सगळे चोख असूनही पेयिस्को नसल्यामुळे खुर्ची वळली नाही, असे अनेकदा होते आणि स्पर्धकाला हे समजावणे फार अवघड जाते.

‘पिएल दे गायिना’ म्हणजे कोंबडीची त्वचा, आपल्या भाषेत अंगावर काटा. योगायोगाने ‘गायो’ म्हणजे कोंबडा हाही येथे येतो, पण उलट्या अर्थाने. गाताना आवाज फाटला की ‘कोंबडा सुटला’ असे म्हणतात. ‘आफिनार’ म्हणजे सुरात असणे. ‘देस्गार्रो’ म्हणजे फाटलेपण, आवाजात मुद्दाम येऊ दिलेली जखमी खरखर; हा दोष नसून गुण आहे.

विजेते पुढे मोठे गायक होतात का?

काही होतात, बरेच होत नाहीत. पहिल्या पर्वाचा विजेता राफा ब्लास हा मेलेंदीच्या चमूतला, रॉक-मेटलच्या अंगाने गाणारा. दुसरे पर्व रोसारियोच्या चमूतील डाविड बार्रुलने जिंकले. सर्वांत भक्कम कारकीर्द उभी राहिली ती २०१५चा विजेता आन्तोनियो होसे याची. कोर्दोबा प्रांतातील पाल्मा देल रियो या गावचा हा मुलगा २००५ मध्ये बाल युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या मुलांच्या गायनस्पर्धेत स्पेनतर्फे गाऊन दुसरा आला होता. त्यानंतर दहा वर्षे तो गातच राहिला आणि मग ओरोस्कोच्या चमूतून जिंकला. ‘एका रात्रीत प्रसिद्ध झाला’ असे अशा गायकाबद्दल लिहिले जाते, तेव्हा मधली ती दहा वर्षे कोणीच मोजत नाही.

न चमकलेल्या विजेत्यांबद्दल ‘फसवणूक’ हा शब्द वापरणे मला पटत नाही. करार मिळतो तो ध्वनिमुद्रणाचा. पण गायकाचे पोट भरते ते गावोगावच्या जत्रांतील कार्यक्रमांवर, स्वतःच्या गाण्यांवर आणि श्रोत्यांच्या निष्ठेवर. दुसऱ्यांची गाजलेली गाणी उत्तम गाणारा आवाज आणि स्वतःचे गाणे असलेला कलावंत यांत अंतर आहे, आणि स्पर्धा पहिल्याचीच परीक्षा घेते. शिवाय पुढचे पर्व सुरू झाले की वाहिनीचे सारे लक्ष नव्या चेहऱ्यांकडे वळते. स्पर्धकाने हे आधीच समजून घेतलेले बरे.

मराठीत या गोष्टीचे उत्तम उदाहरण आहे. झी मराठीवरील २००८-०९च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, पण आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत यांनाही महाराष्ट्राने तितकेच आपले मानले आणि २०२१च्या पर्वात हे पाचही जण परीक्षकांच्या जागी एकत्र बसले. बिस्बाल, कारास्को आणि लोपेस यांच्या बाबतीत स्पेनमध्ये घडले, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

मुलांची आणि ज्येष्ठांचीही स्पर्धा असते का?

‘ला बोथ किड्स’ स्पेनमध्ये २०१४ मध्ये सुरू झाली आणि मालूच्या चमूतील मारिया पारादो पहिली विजेती ठरली. २०१८ची विजेती मेलानी गार्सिया ऑपेराच्या वळणाने गात असे. पुढच्या वर्षी बाल युरोव्हिजनमध्ये तिने स्पेनला तिसरे स्थान मिळवून दिले. मुलांच्या स्पर्धेत मला एका क्षणी नेहमी अवघडल्यासारखे होते. आठ-नऊ वर्षांचे मूल गाते, एकही खुर्ची वळत नाही आणि ते हसू चेहऱ्यावर टिकवून उभे राहते. प्रशिक्षक लगबगीने उठून मंचावर जातात, त्याला जवळ घेतात, त्याच्याबरोबर पुन्हा गातात. त्यांची कणव खरी असते. तरीही तो क्षण लाखो लोकांसमोर घडायलाच हवा का, हा प्रश्न उरतो.

ज्येष्ठांची ‘ला बोथ सिनियर’ मात्र निखळ आनंद देणारी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत साठ वर्षांवरील गायक येतात. पहिली विजेती एलेना बियांको ही साठच्या दशकात ‘लोस मिस्मोस’ या गाजलेल्या समूहाची गायिका होती. आयुष्यभर गाऊन, विस्मरणात जाऊन, पुन्हा पाठमोऱ्या खुर्च्यांसमोर उभे राहायला केवढे धैर्य लागत असेल! या स्पर्धकांना कारकीर्द घडवायची नसते, म्हणून त्यांच्या गाण्यात घाई नसते.

हे सारे आधीच ठरवलेले असते का?

निकाल ठरवलेला असतो असे म्हणायला काही आधार नाही. पण दोन गोष्टी प्रेक्षकाने जाणून घ्याव्यात. पाठमोऱ्या फेरीपर्यंत येणारा स्पर्धक थेट रस्त्यावरून येत नाही. त्याआधी निर्मितीसंस्थेच्या चाचण्या झालेल्या असतात आणि तेथे त्याला पाहूनच निवडलेले असते. म्हणजे ‘फक्त आवाज’ हे तत्त्व प्रशिक्षकांपुरते खरे आहे, संपूर्ण प्रक्रियेपुरते नाही. दुसरे असे, की या फेऱ्या आधी चित्रित करून नंतर संकलित केल्या जातात. कोणाचा प्रवास लांबवून दाखवायचा, कोणाला तीस सेकंदांत उरकायचे, हे संकलनाच्या टेबलावर ठरते.

प्रशिक्षक आणि निर्माते यांच्या हाती स्पर्धकाचे भवितव्य असते, ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी लागते. मूळ डच कार्यक्रमात लैंगिक गैरवर्तनाचे आरोप पुढे आल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तेथील वाहिनीने प्रसारण थांबवले. ते प्रकरण नेदरलँड्सचे, स्पेनचे नव्हे. परंतु अशा कार्यक्रमांत स्पर्धकांच्या सुरक्षिततेची चौकशी करणे हे प्रेक्षकाचेही काम आहे, असे मला वाटते.

‘ओपेरासियोन त्रिउन्फो’ आणि यात फरक काय?

त्या स्पर्धेत मुले एका अकादमीत एकत्र राहतात आणि त्यांचे शिक्षण दिवसरात्र कॅमेऱ्यांसमोर चालते. प्रेक्षक आधी माणसाच्या प्रेमात पडतो आणि मग त्याच्या गाण्याच्या. ‘ला बोथ’मध्ये क्रम उलटा आहे.

भारतातून पाहायचे असेल तर? आणि स्पॅनिश येत नसेल तर?

स्पेनमध्ये मुख्य कार्यक्रम रात्री दहानंतर सुरू होतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. आपण त्यांच्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असल्यामुळे तेथील रात्रीचे दहा म्हणजे थंडीच्या दिवसांत आपले पहाटेचे अडीच. म्हणून थेट प्रक्षेपणाच्या मागे लागू नये. वाहिनीकडून इंटरनेटवर प्रसिद्ध होणाऱ्या सुट्या गाण्यांच्या चित्रफिती पुरेशा आहेत.

भाषेचे म्हणाल, तर पाठमोरी फेरी समजायला ती फारशी लागत नाही. शिकणाऱ्यांना मात्र मोठा लाभ होतो, कारण एकाच भागात माद्रिदचा ‘थ’, मालागाचे शब्दांतला ‘स’ गिळणारे बोलणे, पोर्तो रिकोचा हेल आणि पाउसिनीची इटालियन वळणाची स्पॅनिश शेजारी शेजारी ऐकायला मिळते.

पहिल्यांदा पाहत असाल, तर एक करून पाहा. स्पर्धक चालत येऊ लागला की स्वतःची खुर्चीही पडद्याकडे पाठ करून फिरवा. गाणे ऐका, तुम्ही कोणत्या ओळीवर वळला असता ते मनाशी ठरवा, आणि त्याच ओळीवर वळा. मी अनेक वर्षे असेच पाहतो. समोर उभी असलेली व्यक्ती मी मनात रंगवलेल्या माणसासारखी क्वचितच निघते. भारदस्त, खर्जातला आवाज एखाद्या सडपातळ, चष्मा लावलेल्या मुलीचा असतो, आणि ती अजून डोळे मिटून गात असते.